मंडळीत टिकाऊ भांडण कसं लावावं

बंधुभगिनींनो, नाताळ झाला, तारे उतरले, आणि परवाच्या रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतरची बैठक कॅरल फेरी (नाताळची गाणी गात घरोघरी फिरणं) कुणाच्या दारी आधी गेली या एकाच विषयावर जेवणाची वेळ टळेपर्यंत चालली. तेवढ्यात बायबलातलं फिलिप्पैकरांस पत्र निवांत तीनदा वाचून झालं असतं. पण काही चर्चच्या मंडळ्यांत अजून असं काही घडत नाही म्हणे. त्यांची गैरसोय ओळखून हे मार्गदर्शन.

सुरुवात करताना संकोच नको. येशूच्या शेवटच्या भोजनाला, भाकर मोडून प्याला फिरल्यावर, आपल्यात मोठा कोण यावरून शिष्यांचीच जुंपली होती. लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या 22व्या अध्यायात तसं लिहून ठेवलंय. आपण तर नुसतं खजिनदारपद मागतोय.

विषय लहानच निवडा. तारण, कृपा, पुनरुत्थान यांवर भांडायचं तर आधी वाचावं लागतं. माइक, पुढची खुर्ची, पत्रिकेतला नावांचा क्रम, रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनाला पेटी हवी की कीबोर्ड, यांना काही तयारी लागत नाही.

सगळ्यांत सुपीक विषय मात्र कॅरल फेरी. यादी करताना घरटी वेळ ठरवूच नका. दोन गाणी, एक वचन, प्रार्थना, करंज्या आणि चहा धरले की एका घरी वीस-पंचवीस मिनिटं जातात. सातला निघालात तर दहापर्यंत सात-आठ घरं होतात. दहानंतर 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे स्पीकर बंद. हे सगळं माहीत असूनही एका रात्रीत 14 घरं लिहा. पहिलं घर कमिटीतल्या वजनदार सभासदाचं ठेवा. तिथे पुलाव असतोच, पाऊण तास बसा. मग शेवटच्या घरांत दारातूनच एक कडवं उरका, चपला काढू नका, सांताक्लॉजने दाढी खिशात घातलेली असली तरी चालेल. देणगीचा डबा पुढे करायला मात्र विसरू नका. दुपारपासून करंज्या तळून वाट पाहणारी त्या घरची बाई दुखावली की अर्धं काम झालं.

कुणी म्हणेल, दोन तुकड्या करा. यंदा जे शेवटी, ते पुढच्या वर्षी पहिले घ्या. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांची घरं आठच्या आत उरका, त्यांना पुढे जागवत नाही. असल्या शहाणपणावर ‘आमच्या वडिलांपासून फेरी आमच्याच दारातून सुटते’ हे वाक्य तयार ठेवा. ख्रिस्तजन्माची बातमी पहिल्यांदा मिळाली ती रानात मेंढरं राखत बसलेल्यांना. तिथे ना कमिटी होती, ना पुलाव, ना यादी! त्यांचीच गाणी गात दारोदार फिरायचं आणि परत येऊन भांडायचं कशावरून, तर माझी पायरी आधी की त्याची. जरा तरी... असो. मार्गदर्शन चालू आहे.

डबा सील करू नका, दोघांनी मिळून मोजू नका, पावती तर नकोच.

तक्रार असेल तर मत्तय 18 मधला क्रम उलटा करा. तिथे आधी एकट्याने एकट्याला भेटायचं, मग एक-दोन साक्षीदार न्यायचे, शेवटी मंडळीला सांगायचं असं आहे. आपण आधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर मंडळीला सांगतो, मग साक्षीदार म्हणून स्क्रीनशॉट फिरवतो. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला भेटायची वेळच येत नाही.

भांडण पिढीजात करायचं असेल तर दोन्ही गटांनी आपापली कमिटी निवडून धर्मादाय कार्यालयात आपापला चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) दाखल करावा. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 22 खाली मुदत 90 दिवस. आक्षेप आले की चौकशी लांबते. सही कुणाची मानायची हे कळेना म्हणून बँक खातं अडवते आणि गळक्या कौलांचं बिल, शिपायाचा पगार, दोन्ही थकतात. कोर्टात जाण्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असं प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला विचारलं होतं. पण पौल कधी आपल्या कमिटीत नव्हता.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा पंथ एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि न देणारे एका छपराखाली आले. आणि आपल्याला 14 घरांची यादी लावता येत नाही!

पुरे झाला उपरोध. त्या यादीच्या तळाला एक आजी आहेत, खाटेवरच असतात. त्यांचं घर फेरीतून गळलं म्हणून बैठकीत दोन्ही गट त्यांच्या नावाने तावातावाने बोलले. त्यांच्याकडे प्रभुभोजन घेऊन कित्येक महिन्यांत कुणी फिरकलेलं नाही, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. आजाऱ्यांसाठीच्या लहान पेल्यांचा संच व्हेस्ट्रीच्या (चर्चमधल्या पाळकांच्या खोलीच्या) कपाटात धूळ खातोय. लागतं काय? भाकर, द्राक्षरस, पाळकसाहेब, सोबत एक माणूस आणि अर्धा तास. मत्तय 25 मध्ये न्यायाच्या दिवशी भुकेल्याचं, तान्हेल्याचं, परक्याचं, उघड्याचं, आजाऱ्याचं, तुरुंगातल्याचं विचारतात. फेरी कुणाच्या दारातून सुटली हे कुणी विचारत नाही. तुम्हाला हा अध्याय तोंडपाठ आहे, पाठांतर स्पर्धेत बक्षिसं घेतलीत त्याच्यावर!

आता कपाटाची किल्ली कुणाकडे असावी यावर बैठक बोलावू नका. दोघं जा, पेले धुवा, आजींच्या घरी आधी फोन करा आणि पाळकसाहेबांना गाडीवर मागे बसवून घेऊन जा.