दहापैकी किती?

"आजी, दुखणं शून्य ते दहा असं मोजायचं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जीव जायची वेळ. आज गुडघा किती?"

आजींनी जरा विचार केला. "दहा म्हणजे बाळंतपणाच्या कळा ना गं? मग तीन लिही."

या आजी खुर्चीतून उठताना दोन्ही हात मांड्यांवर रेटतात, श्वास रोखतात आणि मगच उठतात. त्यांच्या मागून आलेले पन्नाशीचे गृहस्थ उभ्या उभ्या, मोबाईलवरची नजर न काढता म्हणाले, "नऊ." गृहस्थ औषधाच्या चाचणीत आले, आजी बाद. कारण गुडघेदुखीच्या कित्येक चाचण्यांत निदान चार आकडा असल्याशिवाय आत घेतच नाहीत. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

वेदनाशामक औषधांच्या चाचण्यांमध्ये फॉर्म भरून घेणं, डायरी लिहिली का म्हणून फोन करणं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे कुणी विचारलं, "सगळ्यात भारी पेनकिलर कुठली?" की माझा उलट प्रश्न ठरलेला: कुणासाठी? समोरचा वैतागतो. पण खरंच, याच्याशिवाय उत्तरच देता येत नाही.

पॅरासिटामॉलचंच बघा. 2014 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातली मोठी चाचणी छापून आली. नुकतीच कंबर धरलेले 1600 हून जास्त रुग्ण. काहींना रोज नेमाने गोळी, काहींना लागेल तशी, काहींना नुसतीच दिसायला गोळी, औषध नसलेली. बरं व्हायला लागलेले दिवस: 17, 17 आणि 16. हो, खोट्या गोळीवाले एक दिवस आधी! (हा फरक योगायोगाचाच, त्यावरून कुणी खोट्या गोळ्या शोधायला जाऊ नका.) झालं, लोकांनी पॅरासिटामॉल मोडीत काढलं. पण त्याआधी 2011 मध्ये नॉर्वेतल्या 18 वृद्धाश्रमांत स्मृतिभ्रंश झालेल्या 352 जणांवर एक अभ्यास झाला होता. ही माणसं चिडायची, ओरडायची, अंगावर धावून जायची. निम्म्या गटाला आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामक दिलं, बहुतेकांना पहिल्या पायरीचं, म्हणजे पॅरासिटामॉलच. त्या गटातली चिडचिड नेहमीच्या उपचारांवरच्या गटापेक्षा स्पष्ट कमी झाली. त्यांना दुखत होतं, फक्त 'दुखतंय' हे सांगता येत नव्हतं. या अभ्यासात खोटी गोळी नव्हती, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना करू नये, हे कबूल. पण औषध तेच, माणसं वेगळी, आणि 'उपयोग' या शब्दाचा अर्थही वेगळा.

न बोलणाऱ्यांचं दुखणं मोजायचंच नाही, ही खोड जुनी आहे. 1980 च्या दशकापर्यंत नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया नावापुरत्या भुलीवर होत असत. बाळाला वेदना कळतच नाहीत, असा समज. 1987 मध्ये के. जे. एस. आनंद आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे दोन गट केले. एकाला नेहमीच्या भुलीबरोबर फेंटॅनिल हे जोरदार वेदनाशामक, दुसऱ्याला नाही. फेंटॅनिल मिळालेल्या बाळांच्या शरीराने शस्त्रक्रियेचा ताण कमी घेतला आणि नंतरच्या गुंतागुंतीही कमी झाल्या. हे वाचून मी दिवसभर सुन्न होते. इतक्या उघड गोष्टीला पुरावा लागावा?

कोडीन या अफूवर्गातल्या वेदनाशामकाची गोष्ट उलट्या बाजूची. कोडीन स्वतः फारसं काही करत नाही. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं मॉर्फिन करतं, मग दुखणं थांबतं. काहींच्यात ते एन्झाइम जवळजवळ निकामी, काहींच्यात वाजवीपेक्षा भरधाव. पहिल्यांना गोळी घेऊन न घेतल्यासारखीच, दुसऱ्यांना तोच डोस विषासारखा. टॉन्सिल काढलेली काही मुलं याने दगावली. 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, अशा मुलांसाठी सर्वांत कडक इशारा दिला आणि 2017 मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊच नका असं सांगितलं. सरासरीत हे कुठे दिसणार? वेदनाशामकांचं असंच असतं: काहींना चांगला आराम, बऱ्याच जणांना जेमतेम. सरासरी यांच्या मधोमध येऊन बसते, जिथे फारसं कुणी नसतं.

बायकांबद्दल तर काय बोलावं. 1977 च्या एफडीएच्या सूचनेनुसार, मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना सुरुवातीच्या टप्प्यांतल्या चाचण्यांतून बाहेर ठेवायचं होतं. ती 1993 मध्ये मागे घेतली. सोळा वर्षं!

आणि तो शून्य ते दहा. आपल्याकडे कळ आहे, ठणका आहे, चमक, उसण, सल, चुणचुण, कणकण. प्रत्येकीची तऱ्हा वेगळी, बऱ्याचदा उपचारही वेगळा. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये वेदनेच्या शब्दांचीच प्रश्नावली केली होती. ती भरायला वेळ लागतो, म्हणून आम्ही आकडा विचारतो.

आजींचा आकडा चार असता तरी त्या बादच झाल्या असत्या. वय जास्त, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं. त्यांच्या मूत्रपिंडाला जपायचं तर हा नियम बरोबरच, मी तो मोडायला सांगणार नाही. पण निघताना त्यांनी पिशवीतून गोळ्यांची एक पट्टी काढली. "मग ही चालू ठेवू ना? शेजारणीने दिलीये, तिला फार गुण आला."

चाचणीतल्या औषधाच्याच जातकुळीतली गोळी. दहातल्या सहा संपलेल्या. मी त्यांना हाताला धरून तशीच डॉक्टरांच्या केबिनमध्ये घेऊन गेले.