डिझेल गाडीचं कागदावरचं अ‍ॅव्हरेज आणि टाकीतलं अ‍ॅव्हरेज

नवी डिझेल गाडी घेतली की दोन-तीन महिन्यांत तक्रार ठरलेली : ‘कागदावर वीस, मिळतात पंधरा.’ त्यावर येणारी उत्तरंही ठरलेली. कंपनी फसवते, किंवा तुम्हाला चालवता येत नाही. या दोन्ही उत्तरांनी कुणाचंच थेंबभर डिझेल वाचत नाही. फरक कुठून येतो ते मोजता येतं, आणि मोजलं की त्यातलं किती आपल्या हातात आहे तेही कळतं. एवढं सविस्तर लिहितोय, कारण बरेच लोक डिझेल घेण्याचा निर्णय त्या एका छापील आकड्यावर घेतात आणि पुढची दहा वर्षं त्याची किंमत मोजतात.

आधी तो आकडा तयार कसा होतो ते बघू. गाडी रस्त्यावर जातच नाही. रोलरवर उभी असते, आणि चालक समोरच्या पडद्यावरची वेगाची रेघ धरून अ‍ॅक्सिलरेटर देत राहतो. युरोपात वर्षानुवर्षं चाललेली एनईडीसी चाचणी ११८० सेकंदांची, जेमतेम ११ किलोमीटरची. सरासरी वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आतबाहेर, आणि १२० चा वेग फक्त १० सेकंद. त्यात शून्यावरून ५० ला जायला २६ सेकंद दिलेले होते. मोकळ्या रस्त्यावर घड्याळ लावून एकदा करून बघा, म्हणजे तो आकडा किती सावकाश चालवून आलाय ते लक्षात येईल. एमआयडीसी हे भारतीय चाचणीचक्र याच साच्यातलं, फक्त कमाल वेग ९० वर आणलेला. सप्टेंबर २०१७ पासून युरोपात नव्या मॉडेलांना डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी लागू झाली : अर्धा तास, २३ किलोमीटरांहून थोडं जास्त, कमाल वेग १३१. चाचणी खरंच सुधारली. पण एसी हिच्यातही बंदच आणि चढ हिच्यातही नाही.

खरी मेख आणखी एक पायरी आधी आहे. रोलरने गाडीला किती अडवायचं हे कोस्ट-डाउन चाचणीवरून ठरतं. सपाट ट्रॅकवर गाडी वेगात न्यायची, न्यूट्रल करायची आणि ती किती वेळात मंदावते ते मोजायचं. टायर कडक फुगवले, पॅनेलांच्या फटींवर चिकटपट्टी लावली, ब्रेक पॅड मागे सारले की गाडी जास्त लांब घरंगळते, आणि मग पुढचे सगळे आकडे आपोआप हलके येतात. २०१६ मध्ये मित्सुबिशीने जपानमधल्या आपल्या लहान गाड्यांबाबत कबूल केलेली गडबड याच टप्प्यावरची होती. (२०१५ चं फोक्सवॅगन प्रकरण मात्र लोक इथे उगाच ओढतात. ते नायट्रोजन ऑक्साइडचं होतं, मायलेजचं नव्हे.)

वाहनांच्या प्रदूषणाचा अभ्यास करणाऱ्या आयसीसीटी या संस्थेनुसार युरोपात कागद आणि रस्ता यांतली तफावत २००१ मध्ये ९ टक्के होती, ती २०१५ मध्ये ४२ टक्क्यांवर गेली. तेवढ्या वर्षांत इंजिनं बिघडली नव्हती, लोकही अचानक वाईट चालवायला लागले नव्हते. चाचणीतल्या सवलती वापरण्याचं कसब वाढलं होतं. डब्ल्यूएलटीपी आल्यावर हा फरक आटला. युरोपात २०२१ पासून नव्या गाड्यांत प्रत्यक्ष खपाची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे, आणि तिच्यावरून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये जाहीर केलेला हिशोब असा : २०२१ च्या डिझेल गाड्या कागदापेक्षा सुमारे १८ टक्के जास्त इंधन पितात, पेट्रोलच्या सुमारे २४ टक्के. म्हणजे कागदावर लिटरला २० असेल तर १०० किलोमीटरला ५ लिटर. त्याचे झाले ५.९, म्हणजे लिटरला १७ च्या जरा आत. नव्या चाचणीच्या गाडीला १७ मिळत असतील तर गाडी ठणठणीत आहे, वर्कशॉपच्या चकरा मारू नका. १३ मिळत असतील तर मात्र शोधायला हवं.

पण शोधण्याआधी ते १३ खरंच १३ आहेत का? गाडीच्या डिस्प्लेवरचा आकडा इंजेक्टरला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाला) दिलेल्या आदेशावरून काढलेला अंदाज असतो, आणि तो बहुतेक वेळा तीन ते दहा टक्के गोड निघतो. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल हीच पद्धत बरी, पण ती नीट करायची. डिझेलला फेस फार येतो. नोझलचा ट्रिगर पूर्ण दाबून भरलं की फेसामुळे पहिला कट-ऑफ लवकर पडतो आणि टाकीत लिटर-दोन लिटर जागा राहून जाते. ४० लिटरच्या भरण्यात २ लिटरची चूक म्हणजे थेट ५ टक्के. म्हणून त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, धार मंद ठेवून, सपाट जागी, पहिल्या कट-ऑफला थांबायचं. आणि एका टाकीवर कधीच निष्कर्ष काढायचा नाही. सलग तीन टाक्यांचे लिटर एकत्र, किलोमीटर एकत्र, मग भागाकार. १२० लिटरमध्ये तीच २ लिटरची चूक दोन टक्क्यांच्या आत येते.

इथे एक चूक शिकलेली माणसंही करतात. ५० किलोमीटर १० च्या हिशोबाने गेले आणि ५० किलोमीटर २० च्या, तर सरासरी १५ नाही. पहिल्या टप्प्याला ५ लिटर लागले, दुसऱ्याला अडीच, मिळून साडेसात लिटरमध्ये १०० किलोमीटर, म्हणजे १३.३. वाईट टप्पा सरासरीला जास्त ओढतो. म्हणून माझा आग्रह आहे की वहीत लिहिताना १०० किलोमीटरला किती लिटर असंच लिहा. तसं लिहिलं की दुखणं कुठे आहे ते लगेच दिसतं.

किलोमीटरही तपासा. २०५/५५ आर१६ या मापाच्या टायरची त्रिज्या साधारण ३१६ मिलिमीटर. नक्षी ८ मिलिमीटरवरून २ वर आली की ओडोमीटर सुमारे २ टक्के जास्त पळतो आणि अ‍ॅव्हरेज वाढल्यासारखं वाटतं. उलट त्याच गाडीला २१५/६० आर१६ चढवले तर ओडोमीटर ५ टक्के कमी धावतो, आणि मालक ‘नवे टायर टाकले आणि मायलेज गेलं’ म्हणत फिरतो. जीपीएसवर ५०-१०० किलोमीटर ताडून बघितलं की संशय मिटतो. स्पीडोमीटर जास्त वेग दाखवतो म्हणून ओडोमीटरही तेवढाच चुकतो असं मात्र धरू नका, दोन्हींचा हिशोब वेगळा ठेवलेला असतो.

आता मुख्य कारणं. सगळ्यात मोठं, आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं, म्हणजे फेऱ्यांची लांबी. डिझेल इंजिन कार्यक्षम असतं म्हणजेच उष्णता कमी वाया घालवतं, त्यामुळे तापायलाही वेळ लावतं. थंड इंजिनात तेल घट्ट, घर्षण जास्त. पहिल्या किलोमीटर-दोन किलोमीटरांत गरम इंजिनाच्या दीडपट डिझेल जाणं नवल नाही. पाच किलोमीटरची फेरी म्हणजे इंजिन तापेपर्यंत मुक्काम आलेला असतो. चाचणीतही सुरुवात थंडच असते, पण २३ किलोमीटरांत तो तोटा विरघळून जातो. तुमच्या पाच किलोमीटरांत विरघळत नाही.

याच छोट्या फेऱ्यांमुळे डीपीएफचा, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, त्रास सुरू होतो. या फिल्टरमध्ये काजळी साठते आणि ठरावीक पातळीला गेली की इंजिन स्वतःहून जास्तीचं डिझेल सोडून एक्झॉस्ट ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापवतं आणि ती जाळतं. लांब पल्ल्याच्या गाडीत हे काही शे किलोमीटरांनी एकदा होतं आणि कळतही नाही. शहरातल्या गाडीत ते अर्ध्यावर असतानाच चावी बंद होते. पुढच्या वेळी पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. प्रत्येक वेळी जास्तीचं डिझेल गेलं ते गेलंच, वर त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून घसरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. ऑइल पातळ झालंय आणि ते बदलायलाच हवं. जाळणं चालू असल्याची खूण ओळखता येते : उभ्या गाडीत आरपीएम नेहमीपेक्षा शंभर-दोनशे वर, तात्कालिक मायलेज अचानक कोसळलेलं, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात चालू आणि जळकट वास. तेव्हा गाडी बंद न करता दहा-पंधरा मिनिटं एकसारख्या वेगाने चालवून घ्या. त्याने फिल्टरही वाचतो.

दुसरं, उभ्या गाडीतलं डिझेल. दीड-दोन लिटरचं इंजिन नुसतं चालू असलं तरी तासाला अर्धा-पाऊण लिटर घेतं, एसी लावला की आणखी. तासाला ०.८ धरू. २० किलोमीटरचा रोजचा प्रवास, एरवी १६ ने झाला असता तर १.२५ लिटर लागले असते. त्यात अर्धा तास सिग्नलला आणि कोंडीत उभं राहणं आलं की ०.४ लिटर वाढले. १.६५ लिटरमध्ये २० किलोमीटर, म्हणजे १२. गाडीत दोष नाही, चालवण्यातही नाही, आणि तरी १६ चे १२.

महामार्गावर हिशोब हवेचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० ऐवजी १२० ने गेलात की दर किलोमीटरला हवा ७८ टक्के जास्त मागे ढकलते. ९० च्या वेगाला १०० किलोमीटरमागे साडेचार लिटर घेणारी गाडी १२० ला सहाच्या पुढे सहज जाते. रिकामा रूफ कॅरिअर वर ठेवून फिरणाऱ्यांनी तो आजच उतरवावा. टायरमधल्या हवेबद्दल जेवढं बोललं जातं तेवढा तिचा वाटा नाही. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा आकडा दर एक पीएसआय (टायरमधला दाब मोजायचं एकक) कमी दाबामागे ०.२ टक्क्याचा आहे, म्हणजे पाच पीएसआय कमी असेल तर एक टक्का. हवा भरायची ती टायरसाठी आणि ब्रेकसाठी. तेवढ्याने १३ चे १७ होणार नाहीत.

चालवण्यात दोन सवयी बघाव्या. उतारावर न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, खप शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच, आणि इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो. दुसरी, मायलेजसाठी १२०० आरपीएमवर वरचा गिअर रेटत राहणं. डिझेल कुरकुर न करता ओढतं, पण त्या हादऱ्याने फ्लायव्हील (इंजिनाचे हादरे शोषणारं जड चाक) मरतं आणि काजळी वाढते. टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, चांगला सुरू होतो तिथे, बहुतेक गाड्यांत १६०० ते २२०० आरपीएममध्ये, गाडी ठेवावी.

एवढं करूनही खप जमत नसेल तर बिघाड शोधायचा, आणि तोही स्वस्तापासून. पहिला संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणाऱ्या झडपेवर. तो उघडाच अडकला की इंजिन कधीच पुरतं तापत नाही. ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं उपकरण) लावून बघा : अर्धा तास चालल्यावर कूलंट ८५-९० अंशांच्या आसपास स्थिर हवं. ६५-७० वर घुटमळत असेल, उतारावर आणखी घसरत असेल, तर खप वाढतो आणि डीपीएफची साफसफाईही होत नाही. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका, बऱ्याच गाड्यांत तो मोठ्या पट्ट्यात मधोमधच उभा राहील असाच बसवलेला असतो.

दुसरा संशय चिकटलेल्या ब्रेक कॅलिपरवर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग). शक्यतो ब्रेक न लावता दहा किलोमीटर चालवून इन्फ्रारेड थर्मामीटर चारही रिमवर धरा, एक चाक बाकीच्यांपेक्षा ठळक गरम असेल तर तिथेच. मग इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरचे) पाइप : जोडाशी ताजं ओलं ऑइल, जोर दिल्यावर शिट्टीसारखा आवाज, मागे काळा धूर, ही फाटलेल्या पाइपची लक्षणं. त्यानंतर आत येणारी हवा मोजणारा, पण घाण झालेला एअर-फ्लो सेन्सर आणि उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप). इंजेक्टरचा नंबर शेवटी. त्याची साधी परीक्षा म्हणजे प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्न लाइनला (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीला) सारख्या बाटल्या लावून काही मिनिटं इंजिन चालू ठेवणं. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर काढून बेंचवर तपासा. ही परीक्षा न करता कुणी चारही बदलायला सांगत असेल तर ऐकू नका.

डीपीएफ कापून टाकण्याचा, ईजीआर बुजवण्याचा सल्ला ठामपणे धुडकावून लावा. लिटरमागे किलोमीटरभर वाढेलही, पण काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड मागच्या दुचाकीवाल्याच्या आणि फुटपाथवरच्या पोरांच्या छातीत जातं.

डिझेल गाडी घ्यायचा विचार असेल तर शोरूममध्ये जाण्याआधी दोन आठवडे आत्ताच्या गाडीच्या फेऱ्या लिहून काढा. थंड इंजिनावर किती वेळा सुरू केली, प्रत्येक फेरी किती किलोमीटरची, उभं राहण्यात किती मिनिटं गेली, आणि सलग वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर किती वेळा गेली. निम्म्याहून जास्त फेऱ्या सात-आठ किलोमीटरांच्या आत असतील आणि शेवटच्या रकान्यात आठवड्याला एकही नोंद नसेल, तर कागदावर कितीही आकडा छापलेला असो, डिझेल घेऊ नका.