सगळ्यात लांब चिठ्ठी

"अहो, नदीकाठचं शांत गाव बघायला चीनमध्ये?" फोनवर बायको म्हणाली. "का, कृष्णा आटली?"

प्रश्न रास्त होता. मी वाईचा. दारात चप्पल पायात सरकवली की ती नीट बसेपर्यंत घाट येतो. पण पन्नास वर्षांत त्या घाटावर मी निवांत म्हणून बसलो असेन चारदा, आणि त्यातले दोन प्रसंग दहाव्याचे.

कंपनीने मला तीन महिन्यांसाठी चेंगडूला पाठवलं होतं. चाकणहून गेलेली आमची मशीनं तिथल्या कारखान्यात बसवून द्यायची आणि ती चालेपर्यंत जागचं हलायचं नाही, असा साधा करार. दोन कोटी वस्तीच्या शहरात सात आठवडे काढल्यावर मी म्हटलं, एक शनिवार-रविवार कुठेतरी गप्प बसायला मिळालं पाहिजे. तिथल्या हिशेबखात्यात एक मुलगी होती. अख्ख्या कारखान्यात धड इंग्रजी येणारी तेवढीच. ती म्हणाली, लांगझोंगला जा. बसने चार तास. जियालिंग नदीने गावाला तिन्ही बाजूंनी विळखा घातलाय. फार शांत.

शिवाय तिने मला पाच चिठ्ठ्या लिहून दिल्या. मीच सांगितलं होतं. एक, मला ह्या सरायीत पोचवा. दोन, मी मांस-मासे खात नाही. तीन, शौचालय कुठे आहे? चार, मला बसस्टँडवर जायचंय. आणि पाच, तुमचं गाव सुंदर आहे, फार आभारी आहे. पाचवी ऐकून ती जरा थांबली होती, पण मग लिहायला लागली. अक्षर असं की फ्रेम करून लावावं. प्रत्येकीच्या मागे मराठीत अर्थ लिहून ठेवायचा, हे मी ठरवलं होतं. बसमध्ये लिहू म्हटलं. बसमध्ये फोनवर भरून आणलेलं नाटक बघितलं, मग झोप लागली.

सरायीपर्यंत सगळं फोनच्या भाषांतरावर निभावलं. जुन्या चौसोपी वाड्याची सराय होती, मध्ये चौक, चौकात कुंड्या. मालकिणीने पासपोर्टचे फोटो काढले, पोलिसांकडे नोंद करायची असते म्हणाली आणि हातात गरम पाण्याचा थर्मास दिला. चीनमध्ये कुठेही गेलात तरी गरम पाणी मिळतं. आमची आजी जन्मभर "गरम पाणी पी" म्हणत राहिली आणि आम्ही ऐकलं नाही; एका अख्ख्या देशाने मात्र ऐकलं. बॅग आणि चार्जर खोलीत टाकून मी नदीवर गेलो.

नदी खरंच शांत होती. रुंद, हिरवट, कुठे जायची घाई नसलेली. पुढे चोंगचिंगला यांगत्सेला मिळायचंय, पण आज मिळालंच पाहिजे असं काही नाही. पलीकडे जिनपिंग डोंगर, अलीकडे हुआग्वांग मनोऱ्याची वर वळलेली छपरं. मी पायरीवर बसलो, डोळे मिटले आणि पाठीमागे ढोल वाजायला लागले.

शांत होती ती नदी. गावाला त्याची लागण झाली नव्हती. ढोल होते झांग फेईचे. चीनची तीन राज्यं झाली होती त्या काळातला हा सेनापती सात वर्षं लांगझोंगला ठाण मांडून होता. आता त्याचा वेष केलेला दाढीवाला गडी भाला आणि शिपाई घेऊन गल्ल्यांतून गस्त घालतो आणि पर्यटकांवर डोळे वटारतो. दर चार दुकानांमागे एक दुकान त्याच्याच नावाच्या सुक्या गोमांसाचं. बाहेरून काळं, आतून लाल. झांग फेईचा चेहरा काळा पण काळीज निष्ठावान, म्हणून ते नाव. प्रत्येक दुकानाबाहेर कर्णा, कर्ण्यात एकच वाक्य, दिवसभर. आमच्याकडे भंगारवाला निदान गल्ली ओलांडून पुढे जातो.

एवढं चित्रण करून फोनने मान टाकली.

तसं घाबरायचं कारण नव्हतं. चीनमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर भाड्याच्या पॉवरबँकांचं कपाट असतं. त्यावरचा कोड फोनने स्कॅन करायचा की पॉवरबँक बाहेर येते. मी त्या कपाटासमोर मेलेला फोन हातात धरून बराच वेळ उभा होतो. विहिरीवर पोहरा आहे, दोर आहे, फक्त तो सोडवायला आधी पाणी प्यायलेलं असावं लागतं.

आणि मग लक्षात आलं की मला सराय सापडत नाहीये. सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळी कौलं करडी, सगळ्या पाट्यांवर ती नक्षी. आमच्या वाईत मराठी विश्वकोश तयार झाला. अशा गावचा मी, दोन डिग्र्यांचा माणूस, आणि मला आख्ख्या गावात एक अक्षर वाचता येत नव्हतं. सन 221 मध्ये झांग फेईला त्याच्याच दोन सरदारांनी झोपेत मारलं आणि मुंडकं घेऊन नदीच्या वाटेने पळाले. त्यामुळे त्याचं धड लांगझोंगला आणि डोकं पार खाली युनयांगला, असं इथले लोक सांगतात. मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

खिशात पाच चिठ्ठ्या होत्या. मी नदीकाठी बसून त्यांचा अभ्यास केला. इंजिनिअर आहे, पद्धतशीर विचार केला. सगळ्यात लांब कोणती? शाकाहाराची. आपण काय काय खात नाही ह्याची यादी कधीही मोठीच असणार. सगळ्यात छोटी? आभाराची. आभार थोडक्यात मानतात. मधल्या तीन राहिल्या, त्या प्रसंगानुसार बघू.

कोपऱ्यावर एक आजीबाई वाफेवरचे पाव विकत होत्या. पांढरे, फुगलेले, साखर घातलेले; ही इथली खास चीज. मी एक मागितला, खात्री असावी म्हणून लांब चिठ्ठी पुढे केली. आजीबाईंनी ती हातभर लांब धरून वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा वाचली. चेहरा पडला. दोन्ही हात हलवत त्या बराच वेळ काहीतरी समजावत राहिल्या आणि शेवटी त्यांनी आणखी एक पाव काढून माझ्या हातात कोंबला. पैसे एकाचेच घेतले.

मी गहिवरलो. शाकाहाराला परमुलखात हा मान! मी छोटी चिठ्ठी काढून दाखवली. आजीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तत्परतेने डावीकडच्या गल्लीकडे बोट दाखवलं, आणि मी उभाच आहे म्हटल्यावर मला हलकेच ढकललं. काहीतरी प्रेक्षणीय असणार म्हणून मी गेलो. गल्लीच्या टोकाला सार्वजनिक शौचालय होतं.

योगायोग म्हटलं. आलोच आहे तर म्हटलं. दोन दारं, दोन अक्षरं. एकात वर चार खणांची खिडकी आणि खाली कोणीतरी लाथ झाडतंय. दुसऱ्यात कोणीतरी निवांत मांडी घालून बसलंय. कामाचं स्वरूप पाहता मी मांडीवाल्या दाराकडे वळलो, तेवढ्यात आतून एक बाई आल्या. त्यांनी झांग फेईला लाजवील असे डोळे वटारले.

तिथून मी परीक्षेच्या वाड्यात गेलो. चिंग राजवटीच्या सुरुवातीला काही वर्षं सिचुआनची राजधानी चेंगडूऐवजी लांगझोंग होती, तेव्हा प्रांताच्या परीक्षा इथे झाल्या. पूर्वी चीनमध्ये सरकारी अधिकारी व्हायचं तर ह्या परीक्षा द्याव्या लागत; 1905 मध्ये त्या बंद झाल्या. प्रांताच्या परीक्षेला उमेदवार दिवसेंदिवस एका खोपटात कोंडलेला असायचा. दोन फळ्या. दिवसा एक वर, एक खाली, म्हणजे टेबल-खुर्ची. रात्री दोन्ही एका पातळीत, म्हणजे पलंग. माझ्या पहिल्या नोकरीतली पुण्यातली कॉट बेसिसची खोली आठवली. तिथे फळी एकच होती. एवढं कोंडलं तरी परीक्षेची पोरं सदऱ्याच्या अस्तरावर मुंगीएवढ्या अक्षरात उत्तरं लिहून आणायचीच. मी त्या खोपटासमोर खिशात पाच चिठ्ठ्या घेऊन उभा होतो. दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, कुठेही कधी कॉपी केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा केली, तर ती वाचता येईना.

निघताना दारावरच्या रखवालदाराला आभाराची चिठ्ठी दाखवली. तो खुर्चीतून उठला आणि अदबीने मला शौचालयापर्यंत सोडून आला. ह्या गावाची रीतच ती असावी, अशी माझी आता खात्री व्हायला लागली होती. कोणी कोणी आभार मानल्यावर "पुन्हा या" म्हणतात. हे इकडे पाठवतात.

चार वाजता भूक अनावर झाली. एका दुकानातून आंबट वास येत होता, बाहेर व्हिनेगरच्या बरण्यांची उतरंड. बाओनिंग व्हिनेगर हे चीनच्या चार नामांकित व्हिनेगरांपैकी एक, ते इथलंच. जिथे व्हिनेगर तिथे जेवण, हा माझा तर्क. लांब चिठ्ठी दिली. आतल्या माणसाने ती वाचून अजिबात न गडबडता मान डोलावली. पहिलाच माणूस ज्याला शाकाहाराचं काही वाटलं नाही. मला आतल्या आरामखुर्चीवर बसवलं. चहा आला. मग एक लाकडी बादली आली, त्यात काळपट, वाफाळणारं, आंबट वासाचं पाणी. एवढं सूप एका माणसाला? मी चमचा शोधत होतो, तोवर त्याने खाली बसून माझे मोजे काढले.

लांगझोंगचे लोक व्हिनेगरच्या पाण्यात पाय शेकत बसतात. पाय मोकळे होतात, झोप छान लागते म्हणे. मी अर्धा तास बसलो. खोटं कशाला बोलू, सात आठवड्यांत पहिल्यांदा इतकं बरं वाटलं. फक्त पोटात पाव होते दोन. पैसे दिल्यावर त्याने मला लाल शिक्क्याचा एक कागद दिला. सवलतीचं कुपन असेल म्हणून मी खिशात टाकला. छोटी चिठ्ठी दाखवायचा मोह आवरला. अंदाज यायला लागला होता.

अंधार पडल्यावर एका नूडलच्या दुकानात शिरलो. आत मालकीण, गल्ल्याशेजारी तिची सात-आठ वर्षांची मुलगी गृहपाठ करत बसलेली. आता चिठ्ठ्यांवरचा विश्वास उडाला होता, म्हणून तोंडानेच बोललो, "वो छ सू." मी शाकाहारी आहे. मालकिणीने तीनदा "आं?" केलं. ह्या भाषेत शब्दापेक्षा त्याचा हेल महत्त्वाचा. आपल्या 'बरं'सारखं. 'बरं' म्हणजे हो, 'बरं?' म्हणजे पुढे काय, 'बर्रं' म्हणजे बघून घेईन, आणि बायको ज्या सुरात 'बरं' म्हणते त्याला अजून अर्थ लागलेला नाही. मी बहुधा तो चौथा सूर लावला असावा.

शेवटी पाचही चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या, मेलेला फोन पण ठेवला. मालकिणीने न बोलता फोनला वायर लावली. मुलगी चिठ्ठ्या एकेक उचलून वर्गात धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात वाचायला लागली. छोटी वाचली आणि मागच्या दाराकडे बोट केलं. लांब वाचली तशी तिची आई हसायला लागली, ती थांबेचना.

माझ्यापुढे नूडल आल्या, बिनमांसाच्या. त्यांच्यावर सिचुआनी मिरी. आपल्याकडे गाडीवर जी शेजवान चटणी मिळते तिचा ह्या प्रांताशी नावापुरता संबंध. ही मिरी तर मिरीही नाही. कोकणातल्या तिरफळाची चुलत बहीण. दुसऱ्या घासाला ओठ बधिर, चौथ्याला जीभ. दिवसभर बोलता येत नव्हतंच, आता खरोखरच येईना.

मुलीला मात्र एकच गोष्ट समजत नव्हती. एवढा मोठा माणूस, आणि वाचता येत नाही? तिने स्वतःची चौकटींची वही माझ्यापुढे सरकवली आणि खिडकी-लाथवालं अक्षर काढून दाखवलं. वरच्या खिडकीवर बोट ठेवून तिने नांगरल्यासारखं केलं. ते शेत, चार वाफ्यांचं. खालच्या लाथेवर बोट ठेवून दंडाची बेडकी काढून दाखवली, ते बळ. शेतात बळ लावतो तो पुरुष. मला वाईची माझ्या मामाची वावरं आठवली, जिथे सगळी खुरपणी मामीच करते. पण भाषा नव्हती, वाद घातला नाही. मी ते अक्षर दहा वेळा गिरवलं. तिने लाल पेनने सातांवर फुली मारली.

तेवढ्यात फोन जिवंत झाला. मी लांब चिठ्ठी त्याच्यासमोर धरली. भाषांतर आलं: कृपया खालील कंपनीच्या नावे अधिकृत पावती द्यावी. खाली कंपनीचं पूर्ण नाव आणि करक्रमांक.

मी हिशेबखात्याच्या मुलीला तिथूनच संदेश पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं. "आभार तर तुम्ही तोंडानेच मानता, शिए-शिए म्हणून. पावतीशिवाय खर्च पास होत नाही. ती जास्त उपयोगाची वाटली."

पाववाल्या आजीबाईंचा पडलेला चेहरा आता उलगडला. इथे पक्की पावती फाडली की दुकानदाराची विक्री कर खात्याला कळते, म्हणून छोटे दुकानदार कधी कधी म्हणतात, पावती राहू दे, त्याऐवजी सरबत घ्या. मला पाव मिळाला होता. म्हणजे मी त्या म्हातारीकडे दोन रुपयांच्या पावावर कंपनीच्या नावे करपावती मागितली होती, आणि वर लगेच शौचालयाची चौकशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसच्या आधी मी त्यांच्याकडे गेलो आणि चार पाव घेतले. चिठ्ठी काढायला नव्हे, पैसे काढायला खिशात हात घातला, तरी आजीबाईंनी आधीच पाचवा बांधून ठेवला होता.

आणि ते लाल शिक्क्याचं कुपन. चाकणला परतल्यावर खर्चाच्या कागदांत ते चुकून गेलं. माझ्या तीन महिन्यांच्या बिलांपैकी टॅक्सी, जेवण, फोन, सगळ्यावर शंका निघाल्या. त्या एका कागदावर कंपनीचं नाव, करक्रमांक, शिक्का, सगळं जागच्या जागी होतं. आमच्या हिशेबनिसांनी भाषांतर करून घेतलं, त्यात 'व्हिनेगर' एवढाच शब्द त्यांना ओळखीचा वाटला. रक्कम रसायनांच्या खात्यात पडली आणि पूर्ण मंजूर झाली.