कुत्रा कोणाच्या नावावर?

बंडूला जाऊन तीन आठवडे झाले आणि काल टॅक्स ऑफिसचं पत्र आलं. बर्लिनमध्ये कुत्र्यावर टॅक्स असतो, पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो, आणि कुत्रा गेला की ते कळवून त्याचं नाव कमी करून घ्यावं लागतं, आपल्याकडे रेशनकार्डावरून करतात अगदी तसं. (हा पैसा कुत्र्यांवरच खर्च होतो असं कोणाला वाटत असेल तर तसं काही नाही, तो सरळ सरकारी तिजोरीत जातो.)

बंडू मूळचा रोमानियाचा, बुखारेस्टच्या रस्त्यावरचा. कागदावर नाव बोग्दान. आईने व्हिडिओ कॉलवर ऐकलं आणि म्हणाली, बोग्दान काय गं, बंडू म्हण. झालं, बंडू. जळक्या पोळीचा रंग, एक कान उभा एक पडलेला, आमच्या गल्लीतला कुठलाही कुत्रा शेजारी बसवला असता तर सख्खा भाऊ वाटला असता. तो यायच्या आधी कुत्रे दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाई आमचं घर बघायला आल्या, स्थळ बघायला यावं तसं, दिवसाचे किती तास घरी असता, इंडियाला गेलात तर कोण सांभाळणार, घरमालकाची परवानगी आहे का, मी तर घाबरून पोहेसुद्धा केले होते. मग करार, साडेतीनशे युरो, चिप, निळा पासपोर्ट आणि विमा, कारण इथे विमा सक्तीचा आहे, त्याच्यामुळे कोणी सायकलवरून पडलं तरी भरपाई माझ्या नावावर. पहिले आठ दिवस हा टेबलाखालून बाहेरच आला नाही. नवव्या दिवशी तूप लावलेली पोळी घेतली, आणि आईला नामदेवांची गोष्ट सांगायला कारण मिळालं.

आता घरच्या ग्रुपवरचं भांडण. ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने दिल्ली आणि आसपासचे सगळे भटके कुत्रे उचलून शेल्टरमध्ये ठेवा म्हणून सांगितलं, २२ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या बेंचने ते बदललं, नसबंदी आणि लस करून जिथून उचलला तिथेच सोडा, फक्त पिसाळलेले आणि आक्रमक सोडू नका, आणि खायला घालायचं ते ठरवलेल्या जागीच. नोव्हेंबरमध्ये परत शाळा, हॉस्पिटलं, स्टँड, स्टेशनं इथले कुत्रे हलवायचा आदेश आला. आमच्याकडे एका बाजूला काका, ज्यांच्या नातवाला कुत्रा चावला आणि २८ दिवसांत पाच इंजेक्शनं झाली, दुसऱ्या बाजूला मावसबहीण, जी रोज वीसएक कुत्र्यांना भात घालते. आणि दोघंही पुरावा म्हणून मलाच टॅग करतात, जर्मनीत बघा, रस्त्यावर एक कुत्रं दिसत नाही! काकांच्या मते इथे सगळे मारून टाकले म्हणून, बहिणीच्या मते इथले लोक प्रेमळ म्हणून.

काकांची भीती मला खोटी वाटत नाही. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भारतात होतात असं डब्ल्यूएचओ सांगते, त्यापुढे माझ्या बंडूप्रेमाची काय किंमत. जर्मनी २००८ पासून रेबीजमुक्त आहे (वटवाघळं सोडून), पण ते कुत्रे मारून नाही झालं, वर्षानुवर्षं जंगलात कोल्ह्यांसाठी लस भरलेलं आमिष विमानातून टाकत बसले तेव्हा झालं. किती कंटाळवाणं काम!

आणि प्रेमळपणाचं म्हणाल तर बंडूच्याच गावाचं बघा. १९८० च्या दशकात तिथला हुकूमशहा चाउशेस्कू, त्याने जुनी घरं पाडून लोकांना ब्लॉकमध्ये कोंबलं, अंगणातले कुत्रे रस्त्यावर आले (वाडे पाडून टॉवर बांधणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल). सप्टेंबर २०१३ मध्ये तिथे चार वर्षांच्या मुलाचा कुत्र्यांच्या हल्ल्यात जीव गेला आणि त्याच महिन्यात कायदा झाला, पकडलेल्या कुत्र्याला कामकाजाच्या १४ दिवसांत कोणी न्यायला आलं नाही तर मारायची मुभा. तिथून सुटलेले कुत्रे आम्ही इथे दत्तक घेतो आणि स्वतःची पाठ थोपटतो, आणि इथली शेल्टरं कोविडमध्ये हौसेने घेऊन नंतर परत आणलेल्या कुत्र्यांनी भरलेली.

मला जो फरक दिसतो तो एवढाच की इथे कुत्रा कोणाच्या तरी नावावर असतो. आपल्याकडे गल्लीतला कुत्रा बिस्किट घालायला सगळ्यांचा आणि चावला की कोणाचाच नाही. नसबंदी करा म्हणायला सगळे पुढे, पण त्याला गाडीत घालून नेणार कोण, टाके सुकेपर्यंत बघणार कोण, लस पुढच्या वर्षी परत द्यायची हे लक्षात कोण ठेवणार?

नावावर असणं म्हणजे काय ते मलाही शेवटीच कळलं. अकराव्या वर्षी बंडूच्या किडन्या गेल्या, दोन महिने घरीच कातडीखालून सलाईन देत होतो, मग मागचे पाय गेले. डॉक्टर घरी आल्या. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग दुसरं, डोळे मिटत नाहीत हे त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं. त्याआधी एका कागदावर सही, माझी. आई म्हणाली, देवाच्या हातातलं काम आपण का करायचं? मी तिला आमच्या गल्लीतल्या काळू कुत्र्याची आठवण करून दिली, चार दिवस जिन्याखाली कण्हत पडलेला, आम्ही पाणी सरकवायचो आणि दया म्हणायचो. ती गप्प झाली, पण पटलं नाही. खरं सांगू, मलाही अजून रात्री वाटतं की दोन दिवस लवकर केलं का.

इथे बहुतेक राज्यांत माणसाच्या अस्थी घरी ठेवता येत नाहीत, कुत्र्याच्या ठेवता येतात. बंडू आता पुस्तकांच्या शेल्फवर, गणपतीच्या खालच्या कप्प्यात. नवरा म्हणतो वर ठेवूया, दत्ताजवळ.

परवा आईचा फोन. गल्लीतल्या काळीला नसबंदीला पाठवायचंय, पालिकेत गेली होती, फॉर्मवर नाव-पत्ता मागतात. शेजारचे म्हणाले, काकू, नाव देऊ नका, उद्या चावली तर तुमच्यावर येईल.

"मग काय केलंस?"

"फॉर्म घरी आणलाय," म्हणाली. "अजून भरला नाही."