मोजडी: एक नंबर कमी की मापाची?

विषय होता शेरवानीखाली घालायच्या जोधपुरी मोजडीचा. "एक नंबर लहानच घे, चामडं सैलावतं," असं बंड्याने सांगून टाकलं.

अण्णांना ते मुळीच पटलं नाही. "सैलावतं ते रुंदीत. लांबीत फारसा फरक पडत नाही. अंगठा पुढे टेकला तर तो जोडा घ्यायचाच नाही. चवड्याला आवळ लागली तर चालेल, तो जागा करून घेतो. आणि माप संध्याकाळी घ्यायचं, दिवसभरात पाय थोडे सुजतात."

"पण डावी-उजवी कळतच नाही!"

"जुन्या पद्धतीची सरळच असते. पायाचा आकार ती वापरात घेते. म्हणून पहिल्याच दिवशी आत खूण करायची, मग अदलाबदल नाही."

कशिद्यावर मात्र दोघांचं एकमत झालं. वरच्या चामड्यावर कशिदा आधी होतो, तळ नंतर शिवला जातो. राजस्थानात भीनमाळकडे चामड्याचं काम पुरुष करतात आणि कशिदा बायका. इतक्या हातांतून आलेल्या वस्तूची पारख नुसत्या चमकेवर करू नये, असं आम्हा सगळ्यांनाच वाटतं. घेताना पुढचा भाग हलकेच दुमडून बघा. कशिद्याचं कापड वरून नुसतं चिकटवलेलं असेल, तर चालताना बोटं दुमडतात तिथेच ते आधी सुटतं.

खरा वाद पेटला तो तळाला रबर लावण्यावरून. बंड्या म्हणाला, "हॉलच्या गुळगुळीत फरशीवर चामड्याचा तळ घसरतो. वरातीत नाचायचंय ना?"

अण्णा म्हणाले, "रबर चिकटवायचं सोल्युशन धरावं म्हणून तळ घासतात. त्यात शिवणीचा सुती दोरा कापला गेला की वरचा भाग तळापासून सुटायला लागतो."

"मग शिवणीपासून बोटभर जागा सोडून घासायचं. फक्त चवड्याखाली पातळ रबर, टाचेला नको."

यावर अण्णा थोडे नरमले. पण नाचायचं नसेल तर नुसता पॉलिशपेपर हलका फिरवणं पुरे, हे त्यांनी सोडलं नाही. आमच्या मते तेच बरोबर.

ओल्या लॉनबद्दल दोघंही कडक. झाडाच्या साली, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेलं चामडं, मग ती मोजडी असो की आपली कोल्हापुरी, भिजून वाळलं की कडक होतं. भिजलीच तर आत कागद कोंबून सावलीत वाळवायची. ऊन नको, ड्रायर तर नकोच. अत्तर किंवा डिओ मारायचा तो मोजडी घालण्याआधी, कारण फवारा जरीवर पडला तर ती काळवंडते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आपल्या पावसाळ्यात बुरशी ठरलेली. सुती कापडात गुंडाळा.

टाच चावते ती मागच्या कडेमुळे. त्या कडेला आतून बोटाने खोबरेल तेल चोळायचं, दोन-तीन थेंबच, जास्त झालं तर बाहेर झिरपून मखमलीवर डाग पडतो. मग मोजे घालून घरात रोज अर्धा तास, असं चार दिवस चालायचं. नवी मोजडी थेट मांडवात घालू नका.