११८ एनई खडखडते ती गाडीमुळे की फिटिंगमुळे?

प्रीमियर ११८ एनई या जुन्या गाडीबद्दल एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मजकूर साधारण असा: या डब्याचं सस्पेन्शन (चाकांना धरून धक्के पचवणारी यंत्रणा) मुळातच जुनाट, ओरिजिनल पार्ट मिळत नाहीत, मिळाला तरच घ्या, बाजारातला माल सगळा डुप्लिकेट, सहा महिन्यांत खडखड परत, ठेवायचीच असेल तर सगळीकडे रबराऐवजी पॉलीयुरेथेनचे (कडक प्लास्टिकचे) बुश, म्हणजे सांध्यांतल्या गाद्या, टाका, नाहीतर पंधरा वर्षं उलटलेली गाडी कायद्यानं भंगारातच जाते. यातलं थोडंच खरं आहे, तेही अर्धं.

‘सस्पेन्शन जुनाट.’ कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी म्हणजे फियाट १२४चा सांगाडा आणि निसानचं ११७१ सीसी इंजिन. नावातलं एनई त्यावरूनच आलं. पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म. मागे दोन्ही चाकांना जोडणारा सरळ अ‍ॅक्सल, पण कॉइल स्प्रिंगवर, ट्रेलिंग आर्म (पुढे-मागे धरणारे दांडे) आणि आडव्या पॅनहार्ड रॉडनं (बाजूला सरकू न देणाऱ्या दांड्यानं) धरलेला. त्याच काळात पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर मागे लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगवर धावत होत्या. फियाट १२४ ही १९६७ची युरोपियन कार ऑफ द इयर, आणि तिच्यावरून निघालेल्या लाडा गाड्या रशियात २०१२पर्यंत बनत होत्या. पद्मिनीला गाणी, आठवणी, काळी-पिवळीचं प्रेम मिळालं. त्याच कारखान्यातल्या या चांगल्या गाडीच्या वाट्याला ‘डबा’ हा शब्द आला.

‘सगळा माल डुप्लिकेट.’ वाईट माल भरपूर आहे, हे कबूल. पण तो काउंटरवरच ओळखता येतो. फक्त जुना पार्ट आणि व्हर्निअर (बारीक मापाची पट्टी) सोबत न्या.

बुश घेताना रबराच्या आतल्या लोखंडी नळीची लांबी जुन्याशी जुळवा. नळी अर्धा-एक मिलिमीटर आखूड असली तर बोल्ट आवळल्यावर ब्रॅकेटचे कान नळीवर घट्ट बसत नाहीत. मग नळी बोल्टभोवती फिरते आणि ‘टक टक’ सुरू. रबर नळीला चिकटलेलं आहे ना, तेही बघा: कडेनं नखानं ढकललं की फट दिसली, तर तो बुश नुसता दाबून बसवलेला आहे.

स्प्रिंगची नुसती उंची मोजून भागत नाही. ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं बदलतो. म्हणजे १२ मिमीच्या जागी ११.५ मिमीची तार आली, तर बाकी सगळं सारखं असूनही स्प्रिंग सुमारे १६ टक्के मऊ होते. रंग खरवडून मोजा.

शॉकअप (स्प्रिंगचं हेलकावणं थांबवणारा दट्ट्या) पूर्ण दाबून आणि पूर्ण ताणून, दोन्ही लांब्या जुन्याशी ताडून बघा. दाबलेली लांबी जास्त असेल तर खड्ड्यात बंप स्टॉपच्या (शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्याच्या) आधी शॉकअपच तळाला लागतो आणि त्याचा डोळा, म्हणजे बोल्टची कडी, तुटतो. आणि बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा दाबा-ओढा. रॅकवर आडवा पडलेल्या हायड्रॉलिक शॉकअपमध्ये हवा शिरलेली असते. ती न काढता बसवला की सुरुवातीचा दाब पोकळ जातो, आणि गिऱ्हाईक म्हणतं नवाही खराब निघाला.

‘ओरिजिनल मिळाला तरच घ्या.’ इथे उलटं होतं. तीस वर्षं सीलबंद डब्यात पडलेला कंपनीचा बुश डब्यातच कडक होतो, शॉकअपचं सील सुकतं. पत्र्याचे आणि घडीव पार्ट, म्हणजे आर्म किंवा ब्रॅकेट, जुन्या साठ्यातले किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या भंगारातले घ्या. रबर मात्र ताजंच हवं.

‘सहा महिन्यांत परत खडखड.’ हे होतं, आणि बहुतेक वेळा ते गॅरेजमध्येच पेरलं जातं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत, आणि त्याच अवस्थेत बुशचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. रबराचा बुश बेअरिंगसारखा फिरत नसतो, रबर पिळून काम करतं. लोंबत्या आर्मवर आवळला की गाडी खाली उतरल्यावर तो कायमचा पिळलेलाच राहतो, आणि मोठ्या खड्ड्यात फाटतो. पद्धत साधी आहे: बोल्ट हातानं घट्ट होतील इतकेच लावा, चाकं चढवा, गाडी पिटवर (खालून काम करायच्या खड्ड्यावर) किंवा लाकडी फळ्यांवर चाकांवर उभी करा, दोन-चारदा दाबून हलवा, पुढे दोन माणसं बसवा, मग शेवटचं आवळणं.

दुसरा शत्रू आपण स्वतःच आणतो: पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल मारून घेणं. पत्रा वाचतो म्हणे. पण रबर ऑइल पिऊन फुगतं आणि बोटानं निघेल इतकं मऊ होतं. मारायचंच तर बुश आणि बॉल जॉइंटचे (चाक वळू देणाऱ्या गोल सांध्यांचे) रबरी बूट आधी झाका.

‘सगळीकडे पॉलीयुरेथेन.’ अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) पकडींना चालेल, सिलिकॉन ग्रीस लावून. मागच्या ट्रेलिंग आर्मना नको. एक चाक उंचवट्यावर गेलं की अ‍ॅक्सल तिरका होतो, आर्मची टोकं थोडी मुरडतात. रबर ती मुरड गिळतं. पॉलीयुरेथेन गिळत नाही, तो जोर बॉडीच्या ब्रॅकेटवर जातो, आणि जुन्या पत्र्यात वेल्डिंगशेजारी चिरा पडतात. दीडशे रुपयांच्या बुशाचं दुखणं वेल्डरपर्यंत पोचतं.

स्प्रिंग कापून गाडी बसकी करणाऱ्यांना एवढंच: पॅनहार्ड रॉडचा कोन बदलला की मागचा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. मग कितीही अलाइनमेंट करा.

‘लाडाचे पार्ट डायरेक्ट बसतात’ अशी पुरवणीही मेसेजखाली कुणीतरी जोडली आहे. रशियनांनी गाडीची उंची वाढवली होती, फियाट १२४च्या मागच्या डिस्क ब्रेकच्या जागी ड्रम घातले होते. मापं जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका.

राहिला कायदा. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पण फिटनेस तपासणी आणि ग्रीन टॅक्स भरून पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. तपासणीला नेण्याआधी चाक उचला, वर-खाली धरून हलवा. बॉल जॉइंट ढिला असेल तर हाताला तिथेच कळतं. डावं-उजवं धरून हलवल्यावर खळखळलं, तर आधी टाय रॉडची (स्टिअरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांड्याची) टोकं बघा.