ड्रॅगनफोर्सने अल्बम स्पीड वाढवून रेकॉर्ड केला, हे आता बास करा

ड्रॅगनफोर्स या सुसाट मेटल वाजवणाऱ्या बँडचं नाव निघालं की एक वाक्य कुणीतरी चिकटवतंच: "इनह्यूमन रॅम्पेज अल्बम स्टुडिओत स्पीड वाढवून केलाय, लाइव्ह यांना झेपत नाही, गाणी सगळी सेम आणि गिटार हिरो हा व्हिडिओ गेम नसता तर यांना कुणी विचारलं नसतं." इतक्या लोकांनी ते शेअर केलंय की आता अल्बम न ऐकलेलेही तेच सांगतात. एकेक मुद्दा घेऊ.

पहिला स्पीडचा, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. अल्बममधल्या थ्रू द फायर अँड फ्लेम्स या गाण्याचा टेम्पो साधारण २०० बीपीएम, म्हणजे मिनिटाला २०० ठोके आहे. एका ठोक्यात चार सूर धरले तर सेकंदाला १३ च्या आसपास सूर होतात. अवघड आहे, पण माणसाच्या हाताबाहेरचं अजिबात नाही, शिवाय प्रत्येक सूर काही पिकने मारलेला नसतो, बरेचसे हॅमर-ऑन, पुल-ऑफ आणि टॅपिंगने, म्हणजे नुसती बोटं तारेवर आपटून-ओढून काढलेले असतात. आपल्याकडे द्रुत लयीतली तान ऐकून कुणी म्हणतं का की बुवांनी टेप पळवली?

आणि समजा पळवलंच असतं तर ते ऐकू आलं असतं. रेकॉर्डिंग साधं फास्ट केलं की सूर वर चढतो. सॉफ्टवेअरने सूर जागेवर ठेवता येतो, मान्य, पण व्हायब्रॅटो, म्हणजे सुरावरचं कंपनसुद्धा तेवढंच फास्ट होतं, ते थरथरल्यासारखं वाटायला लागतं. हेडफोन लावा आणि मधल्या लांबलचक सोलोत फास्ट तुकडा जिथे संपतो तिथेच फक्त लक्ष द्या. सूर बेंड करून (तार ताणून) धरलाय आणि त्यावरचा व्हायब्रॅटो रुंद आहे, निवांत आहे, बोटाने तार हलवताना जसा येतो तसाच. बँडचा गिटारिस्ट हर्मन लीने तर सांगितलंय की सोलो रेकॉर्ड करताना तार तुटली आणि तो आवाज त्यांनी तसाच ठेवला.

एडिटिंग झालं नसेल असं मी म्हणत नाहीये. थरांवर थर आहेत, गिटारच्या हार्मनी आहेत, अनेक टेक घेतलेले असणार, पण ते प्रत्येक मोठ्या मेटल अल्बममध्ये असतं. जगभरातली पोरं हे गाणं घरात बसून एका शॉटमध्ये वाजवून यूट्यूबवर टाकतात, मग ज्यांनी ते बनवलं त्यांनाच येत नाही हे कसं काय? आणि ड्रम्सबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. ड्रमर डेव्ह मॅकिंटॉश बाल-सॅगॉथसारख्या एक्स्ट्रीम मेटल बँडमधून आलेला, त्या स्पीडला डबल बास (दोन्ही पायांनी वाजवायचा बास ड्रम) सलग सात-सात मिनिटं टिकवणं हे पायाचं काम आहे, दम लागतो त्याला.

आता लाइव्ह. २००६ च्या ग्रासपॉप फेस्टिव्हलचा जो व्हिडिओ फिरतो तो वाईटच आहे, गिटार विस्कटलेल्या आहेत, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण एका शोवरून पंचवीस वर्षांचा बँड निकालात काढायचा? २००९ च्या यूके टूरवर रेकॉर्ड केलेला ट्वायलाइट डिमेंशिया हा लाइव्ह अल्बम २०१० मध्ये आला, तो ऐका. लाइव्ह अल्बमवरही विश्वास नसेल तर हर्मन ली कित्येक वर्षं कॅमेऱ्यासमोर बसून लाइव्हस्ट्रीमवर वाजवतोय, तिथे बोटं जवळून दिसतात.

गाणी सेम? थोडंफार खरं आहे. आग, तारे, रणांगण, दूरचा प्रवास, शब्द तेच ते फिरतात आणि कोरस आला की मुठी वर. केस उडवत, उड्या मारत, व्हॅमी बारने (तारा ताणणाऱ्या-सैल करणाऱ्या गिटारवरच्या दांडीने) पॅकमॅन या जुन्या गेमसारखे आवाज काढत वाजवणारी ही मंडळी बालिश दिसतात, दिसू देत, त्यांना तो आनंद लपवायचाच नाहीये. पण सगळं एकच म्हणणाऱ्यांनी अल्बममधलं शेवटचं गाणं, ट्रेल ऑफ ब्रोकन हार्ट्स, ऐकलेलं नसतं. ते सरळ संथ बॅलड आहे, तिथे स्पीडचा आडोसाच नाही आणि गायक झेडपी थियार्टचा आवाज एकटा गाणं पेलतो. क्राय फॉर इटर्निटी हे गाणं आठ मिनिटांच्या वर जातं, त्यात गिटारवर हर्मन ली आणि सॅम टॉटमन आणि कीबोर्डवर वदिम प्रुझानोव्ह कसे एकमेकांकडे सोलो सोपवतात ते बघा, तिघांचा हात वेगळा ओळखू येतो.

राहिला गेम. अल्बम युरोपात जानेवारी २००६ मध्ये आला, त्याच वर्षी बँड अमेरिकेत ऑझफेस्टमध्ये वाजवत होता आणि गिटार हिरो ३ आला ऑक्टोबर २००७ मध्ये. गेमने त्यांना घराघरात नेलं हे शंभर टक्के खरं. पण गेम बनवणाऱ्यांनी हे गाणं क्रेडिट्सच्या वेळचं, सगळ्यात अवघड बोनस गाणं म्हणून ठेवलं ते ते तितकं अवघड होतं म्हणूनच, आणि ते अवघडपण गेमच्या आधीच टेपवर होतं.